दुसऱ्या डोसवरचा आक्षेप

॥ श्री ॥

हॅरो, लंडन
रविवार, 20 जून 2021

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जे काय असेल ते लेखी कळव," आणि फोन आईकडे दिलात. म्हणून हे लेखी. कागदावर, शाईने, डावीकडे समास सोडून. टपालात टाकलं तर ग्वाल्हेरच्या पडावला पोचेपर्यंत तिसऱ्या डोसची चर्चा सुरू होईल, तेव्हा फोटो काढून भाच्याच्या फोनवर पाठवते आहे. त्याने तो मोठा करून दाखवावा आणि स्वतःच्या अकलेने मधलं काही गाळू नये.

आधी खुशाली. आम्ही सगळे ठीक. इथे उद्या, 21 जूनला, उरलेली बंधनं उठायची होती; ती आता 19 जुलैवर गेली आहेत. धाकटीने शाळेतल्या मैत्रिणींबरोबर मोठा बेत आखला होता, तो बोंबलला. तारखा पुढे ढकलण्यात इंग्रज आपल्याला हार जाणारे नव्हेत, हे तुम्हाला ऐकून बरं वाटेल. जावई घरूनच काम करतात आणि दर तासाला चहा मागतात, म्हणजे त्यांचंही ठीक आहे.

आता मूळ विषय. आई सांगते की तुम्ही जेवायला बसताना जाहीर केलंत, "नियम एकदाचा कायम झाला की कळवा, मग दंड पुढे करतो. तोवर नाही." एजी ऑफिसात सबंध नोकरी दुसऱ्यांच्या हिशेबावर आक्षेप काढण्यात घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर भारत सरकारच्या लसीकरणावर आक्षेप काढावा, हे ओघानेच आलं. आक्षेप वाचला. मान्यही आहे. उत्तर खाली देते.

तुमचं म्हणणं असं, की 16 जानेवारीला मोहीम सुरू झाली तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसांत 4 ते 6 आठवडे सांगितले होते. 22 मार्चला ते 8 पर्यंत वाढले, आणि 6 ते 8 उत्तम असं म्हटलं गेलं. तुम्ही 5 एप्रिलला पहिला घेतलात. खरं तर 1 मार्चपासून साठीच्या वरच्यांना मिळत होती, पण तुम्हाला आधी गल्लीतल्या इतरांना काय होतं ते बघायचं होतं. असो. घरी येऊन तुम्ही कालनिर्णयावर 17 मे या तारखेला हिरव्या शाईने गोल केलात आणि कधी नव्हे ते भाच्याकडून ऑनलाइन नोंदणीही करून घेतलीत. मग 13 मेला केंद्राने अंतर 12 ते 16 आठवडे केलं. 16 मेला पुन्हा खुलासा आला की आधी घेतलेल्या वेळा रद्द समजू नयेत. तुम्ही त्या बातमीचं कात्रण खिशात घातलंत, कर्फ्यूत पडावच्या पुलावर पोलिसाला फोनवरचा मेसेज दाखवलात आणि दिलेल्या वेळी केंद्रावर हजर झालात. तिथल्या पोराने कात्रण न बघताच सांगितलं, "बाबूजी, ऊपर से ऑर्डर है. जुलाई में आना." तुम्ही ऑर्डरची प्रत मागितलीत. ती काही मिळाली नाही.

आईने त्या कालनिर्णयाच्या पानाचा फोटो पाठवला होता. 17 तारखेच्या गोलावर आडवी रेघ आणि वर बारीक अक्षरात, हिरव्याच शाईत, "का?" तो फोटो मी ठेवून दिलाय. मंत्रालयाच्या पत्रकापेक्षा त्यातून जास्त कळतं.

त्यात आईची भर. तिला 5 एप्रिललाच दुसऱ्या केंद्रावर कोवॅक्सिन मिळाली. तिचं अंतर 4 ते 6 आठवड्यांचं, ते कुणी हलवलं नाही. मे महिन्यात कोवॅक्सिन मिळेना म्हणून थोडा उशीर झाला, पण जूनमध्ये तिचे दोन्ही उरकले. तेव्हापासून ती घरात तुमच्याशी अर्धवट लसवाल्या माणसाशी बोलावं तसं बोलते, अशी तुमची तक्रार आहे. आणि तुम्ही तिला, "तुझ्या कोवॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेने अजून विचारलेलं नाही," असं सुनावता, अशी तिची. आई, हे खरं आहे गं, पण त्याने तुझ्या दंडातली लस बाहेर येत नाही. बाबा, तुम्ही तो विषय काढू नका. भाकरी तिच्या हातची आहे.

मुख्य आक्षेप तुमचा हा: कुपी तीच, औषध तेच, पुण्यात तयार झालेलं, मग लंडनला आठ आठवडे आणि ग्वाल्हेरला बारा ते सोळा? हवापाण्याचा फरक पडतो का?

त्याआधी एक कबूल करते, नाहीतर तुम्हीच शोधून काढाल. मार्चमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने इथे 50 लाख डोस पाठवले होते. मागणी एक कोटीची होती, उरलेले काही आले नाहीत. पन्नाशीच्या वरच्यांना त्याच सुमारास बोलावलं होतं, त्यात मीही. तेव्हा मला टोचलेली लस पुण्याजवळच्या मांजरीहून आलेली असण्याची शक्यता आहे. पुणं-ग्वाल्हेर थेट गाडी असताना लस आधी हॅरोला आली, यावर तुम्ही जे म्हणाल ते मी ऐकून घेईन.

आता उत्तर. लंडनचे आठ आठवडे आधीपासून आठ नव्हते. 30 डिसेंबरला इथल्या सरकारने अचानक अंतर 12 आठवड्यांवर नेलं, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना जानेवारीत दुसरा डोस द्यायचा ठरला होता त्यांच्या वेळा पुढे गेल्या. आमच्या शेजारच्या आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांची ठरलेली वेळ रद्द झाली तेव्हा त्यांनी खासदाराला हाताने पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं आणि दोन्हींच्या नकला मला दाखवल्या. तुमचं आणि त्यांचं चांगलं जमलं असतं. सरकारचं गणित साधं होतं: लस थोडी, माणसं फार, ऐन हिवाळा. एकाला दोन देण्यापेक्षा दोघांना एकेक द्या.

मग फेब्रुवारीत लॅन्सेटमध्ये चाचण्यांचे आकडे आले, आणि हे तुमच्यासाठी मुद्दाम उतरवून घेतलेत. 6 आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत ही लस 55 टक्के परिणामकारक ठरली. 12 आठवडे किंवा जास्त थांबलेल्यांत 81 टक्के. म्हणजे जे टंचाईपोटी केलं, ते शास्त्रातही बसलं. आईला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "विरजण लावलं की तासातासाला झाकण काढून बघायचं नसतं, एवढंच ना?" एवढंच.

आता गंमत बघा. 13 मेला दिल्लीने अंतर वाढवून 12 ते 16 आठवडे केलं, आणि 14 मेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, लंडनने पन्नाशीच्या वरच्यांसाठी ते 12 वरून 8 वर आणलं. मलाही त्यातच जूनची तारीख सोडून मेमध्ये बोलावणं आलं. तुम्ही हिरव्या शाईने रेघ मारत होतात तेव्हा मी बाही वर करून बसले होते. जावई म्हणाले, हे बाबांना सांगू नकोस. आता सांगितलं.

पण दोघांची कारणं वेगळी होती. इथे डेल्टा पसरायला लागला, तुमच्याकडे एप्रिलमध्ये ज्याने हाहाकार केला तोच. 22 मेला इथल्या आरोग्य खात्याने आकडे दिले: एका डोसने डेल्टाविरुद्ध जेमतेम 33 टक्के संरक्षण, दोन झाले की आपल्या लसीचं 60. इथे तोवर लस पुरेशी होती, म्हणून दुसरा डोस अलीकडे ओढणं परवडलं. तुमच्याकडे 1 मेपासून अठराच्या वरच्या सगळ्यांना मोहीम खुली झाली आणि कुप्या मात्र तेवढ्याच. वाढवलेल्या अंतरासाठी दिल्लीने इंग्लंडचाच अनुभव पुढे केला, ज्या आठवड्यात इंग्लंड तो गुंडाळून ठेवत होतं.

बाबा, माझं मत विचाराल तर सरकारने शास्त्र पुढे केलं आणि टंचाई मागे लपवली. शास्त्र खोटं नव्हतं. पण हिशेबाची एकच बाजू दाखवली तर तुम्ही ती फाइल पास केली असतीत का? तुमचा राग त्या न दाखवलेल्या बाजूचा आहे आणि तो रास्त आहे. मात्र त्या रागापायी स्वतःचा दंड रोखून धरलात तर दिल्लीचं काही अडत नाही. अडतं ते पडावच्या एका घराचं.

आता तुमच्या दुसऱ्या योजनेकडे वळते, जी भाच्याने फोडली. 7 जूनला सरकारने सवलत दिली की परदेशी जाणाऱ्यांना कोविशील्डचा दुसरा डोस 28 दिवसांनी मिळेल. तुम्ही लगेच पासपोर्ट शोधायला घेतलात म्हणे, ट्रंकेतून, नॅप्थलीनच्या गोळ्यांसकट. सवलत कुणासाठी आहे ते नीट वाचलंत का? शिकायला जाणारे, नोकरीला जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणारे खेळाडू व त्यांच्याबरोबरची मंडळी. नातवंडांना भेटायला जाणारे आजोबा त्यात नाहीत. शिक्षण तुम्ही 1960च्या दशकात संपवलंत, नोकरीतून सरकारनेच तुम्हाला सोडवलं, राहिलं ऑलिम्पिक. हॉकीपटू रूपसिंहांच्या गावचे आहात हे मान्य, पण माझ्या आठवणीत तुम्ही हॉकी स्टिक एकदाच हातात धरलीत, गच्चीवर माकडं आली होती तेव्हा. शिवाय 23 एप्रिलपासून भारत इथल्या लाल यादीत आहे. दोन काय, चार डोस घेतलेत तरी इथला नागरिक किंवा रहिवासी नसलेल्याला विमानातून उतरू देत नाहीत. आणि ज्यांना उतरू देतात त्यांना दहा दिवस हॉटेलात कोंडून 1,750 पौंड घेतात. रुपयांत किती होतात ते तुम्ही काढा आणि आईला सांगू नका.

एक सुचवायचं राहिलं. जानेवारीत इथे सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये लस देत होते, आणि टोचून घेतलेल्यांना पंधरा मिनिटं बसवायचं म्हणून वर ऑर्गन वाजत होता. म्हातारी माणसं शाल पांघरून, हात चोळत, बाख ऐकत बसलेली. मला वाटलं, तानसेनाची समाधी ज्या गावात, तिथे हे का सुचू नये? ग्वाल्हेर घराण्याची एवढी गाणारी मंडळी सव्वा वर्ष घरी बसून आहेत. केंद्रावर कोपऱ्यात तंबोरा लावून सकाळी एक तोडी म्हटली असती, तर तुम्ही 5 एप्रिलपर्यंत थांबला नसतात. 1 मार्चला पहिल्या रांगेत असतात आणि टोचल्यावर तासभर हलला नसतात. वर गायकाच्या चुकाही काढल्या असतात.

परवा 18 तारखेला झाशीच्या राणीच्या समाधीवर जाऊन आलात का? आई म्हणाली, मास्क लावून, लांबूनच नमस्कार करून आलात. बरं केलंत. गर्दीत अजून नको.

आता कामाचं. उद्यापासून मध्य प्रदेशात लसीकरणाचं महाअभियान आहे, जागोजागी केंद्रं, नोंदणी तिथल्या तिथे. उद्या गल्लीतून ढोल वाजत गेले म्हणून उठून जाऊ नका. तुमचे 84 दिवस उद्या भरत नाहीत. परत पाठवतील, आणि तुम्ही परत ऑर्डरची प्रत मागाल. तुमचे 84 दिवस 28 जूनला भरतात. तो सोमवार आहे. आणि "शेवटची तारीख तर 26 जुलै आहे, वीजबिल मी शेवटच्याच दिवशी भरतो," हे जे तुम्ही आईला ऐकवलंत, ते मी इथे नोंदवून ठेवलंय. 16 आठवडे ही मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे. डेल्टा वीजमंडळ नाही, तो आधीच येतो.

तेव्हा 28ला सकाळी पोहे खाऊन निघा, उपाशी जाऊ नका. आधार कार्ड आणि पहिल्या डोसचा कागद बरोबर ठेवा. कुपी कोविशील्डचीच आहे ना हे विचारून घ्या. कोवॅक्सिन आहे म्हणाले तर परत या, रागावू नका. डाव्या दंडात घ्या, उजव्या हाताने तुम्हाला लिहायचं असतं. अर्धा तास तिथेच बसा. रात्री थोडा ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या आणि आईला "माझ्या कोवॅक्सिनने नाही आला ना!" असं म्हणण्याची संधी देऊ नका. घरी आल्यावर कालनिर्णयावर हिरवी खूण करून फोटो पाठवा. मग आक्षेप निकाली निघाला असं मी समजेन.

तुमची,
थोरली

ता. क. : धाकटी विचारते, आजोबांचा दुसरा झाला की ते येतील का? तिला मी "लाल यादी निघाली की" असं सांगितलंय. पासपोर्ट ट्रंकेबाहेर काढलाच आहे तर त्याची मुदत बघून घ्या. संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच करा. त्यालाही वेळ लागतो.