तिसरा साक्षीदार

नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्या जोडप्याला दोन साक्षीदार सहज मिळतात. एक मुलाचा मित्र, एक मुलीची मैत्रीण. कायदा मात्र तीन मागतो, आणि तिसरा नेमका आधारकार्ड घरी विसरून येतो. अशा वेळी अण्णांना फोन जातो. असे एक अण्णा प्रत्येक गोतावळ्यात असतातच. बँकेतून निवृत्त, पांढरा झब्बा, खांद्याला शबनम. तिच्यात स्वतःच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स, पासपोर्ट साइजचे फोटो आणि निळ्या शाईची पेनं. "काळी शाई नको," असं ते बजावतात. का, ते विचारायचं नाही.

१९५४चा विशेष विवाह कायदा अण्णांना अथर्वशीर्षासारखा पाठ आहे. "पुढच्या आठवड्यात उरकून टाकू," असं कुणी म्हटलं की ते आधी चष्मा पुसतात. "उरकून? दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा. मग नोटीस. मग आणखी तीस दिवस थांबा. आणि फार रेंगाळलात तर तीन महिन्यांनी नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून!" मुलगा घाबरतो. अण्णांना तेच हवं असतं.

विवाह अधिकाऱ्याच्या फलकावरच्या नोटिसा मन लावून वाचणारा माणूस म्हणजे अण्णा. पण त्या फलकावर त्यांचा रागही आहे. घरच्यांच्या धाकाने दबकत आलेल्या पोरांची नावं-पत्ते असे टांगायचे कशाला, असं ते शिपायालाच विचारतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या मर्जीवर सोडली, हेही सांगतात. शिपाई मान डोलावतो आणि पुढची नोटीस डकवतो.

एकदा एका मुलीचे मामा हरकत घ्यायला तावातावाने आले. अण्णांनी त्यांना बाकावर बसवून चहा पाजला.

"हरकत कशावर?"

"मुलगा आमच्यातला नाही."

"कलम चारमध्ये हे नाही. त्याची पहिली बायको आहे?"

"नाही."

"वय एकवीसच्या आत? डोकं फिरलेलं? नात्यातला?"

"छे हो! पण पगार बघा ना त्याचा!"

"पगाराचं कलम संसदेने घातलेलं नाही, मामा."

मामा चहा संपवून गेले. लग्नाच्या दिवशी तेच पेढे वाटत होते.

प्रत्यक्ष लग्नाला वेळ लागत नाही. दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचं अधिकाऱ्यापुढे, साक्षीदारांच्या देखत म्हणायचं. समजेल त्या भाषेत म्हटलं तरी चालतं. वेळ खातात त्या मावश्या. कुणाला राहुकाळ टळायला हवा असतो, तर साहेब जेवायला गेलेले असतात. कुणी पर्समधून अक्षता काढते, शिपाई खेकसतो, आणि वाकून दाणे वेचतात ते अण्णाच. प्रमाणपत्राच्या पुस्तकात सही ठोकली की त्यांचं कार्य सिद्धीस गेलं. आहेर घेत नाहीत. मिसळ घेतात.

मध्यंतरी अमेरिकेतल्या मुलाने आईवडिलांचं विवाह प्रमाणपत्र मागवलं आणि अण्णांचं पितळ उघडं पडलं. स्वतःचं १९८४चं लग्न त्यांनी नोंदवलेलंच नव्हतं! झालेल्या लग्नाची नोंदणी हा वेगळा अर्ज, तिथे भटजींचीही सही लागते. आणि भटजी कधीच देवाघरी गेलेले. शिवाय साक्षीदार तीन. "गावाची लग्नं कागदावर आणलीत, आपलं तेवढं तोंडी ठेवलंत," असं काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या. अण्णा महिनाभर मंडपात हजर असलेल्या, हयात आणि ओळखपत्रधारी माणसांच्या शोधात फिरत होते. तिसरा काही केल्या मिळेना.

आता प्रतिज्ञापत्र वगैरे होऊन ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून शबनममध्ये आहे. तेव्हा तुमच्या घरी नोंदणी लग्न ठरलं असेल तर अण्णांना खुशाल बोलवा. मूळ ओळखपत्रं मात्र तुमची तुम्ही आणा. त्यांच्या पिशवीत झेरॉक्स असतात त्या फक्त त्यांच्या स्वतःच्या.