विषय : बाहुली उन्हानं वाकल्याबाबत

प्रति,
मा. बाहुलीकार साहेब,
मु. पो. जपान.

(पत्ता एवढाच लिहिलाय, कारण तुमच्याकडं बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात असं वाचलं. आमच्याकडंही नसतात. 'मारुतीच्या देवळामागं, पत्र्याचं घर' एवढ्यावर आमची टपालं येतात. तुम्हालाही पोचेल.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड येथील कायमचा रहिवासी असून गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची केवायसी असं दिवसभर भरून भरून अर्जाची भाषा हाताला बसलीय, ती सांभाळून घ्यावी. आयुष्यातलं एकमेव प्रेमपत्रसुद्धा मी 'वरील विषयास अनुसरून' असंच सुरू केलं होतं. ते प्रकरण अद्याप प्रलंबित आहे.

माझ्याकडं तुमच्या देशाच्या अकरा बाहुल्या आहेत. आम्ही जमवणारे त्यांना 'फिगर' म्हणतो. पण पारावर एकदा मी 'फिगर जमवतो' असं बोलून गेलो, तर गावातली पोरं दोन दिवस माझ्याकडं भलत्याच आदरानं बघत होती. खरं कळल्यावर तो आदर गेला. तेव्हापासून मी बाहुलीच म्हणतो.

तक्रार अशी. गेल्या मे महिन्यात पारा ४२ वर गेला. आमच्या आजोबांच्या वेळी या घराला माळवद होतं. मातीचं, हातभर जाड. ते असतं तर आज हा अर्ज लिहायची वेळ आली नसती. पण ते गळायला लागलं म्हणून पाडलं आणि पत्रे टाकले. पत्र्याखाली दुपारी माणूस कसाबसा टिकतो, पीव्हीसी टिकत नाही. त्यात तुमची हात्सुने मिकू. बाई २००७ सालची, मूळची संगणकातली गायिका, वय कायमचं सोळा, फिरोजी रंगाच्या दोन वेण्या पार पोटऱ्यांपर्यंत. एवढ्या वेण्यांचं वजन आणि तुम्ही तिला उभी केलीत एका पायावर! आधी घोटा झुकला. मग रोज थोडीथोडी पुढं येत आठ दिवसांत ती अशी कलली की खालच्या फळीवर काय चाललंय ते वाकून बघतेय असं वाटावं.

उपाय मला पाठ होता. गरम पाण्यात पाय बुडवायचा, मऊ पडला की हातानं सरळ करायचा, तसाच धरून गार पाण्यात घालायचा. पाणी उकळतं नको. न्हाणीत बंब पेटलेला होताच. मी पातेल्यात पाणी काढलं, शेजारी तांब्यात माठातलं गार पाणी ठेवलं आणि मिकूला स्टँडवरून सोडवून तिचा पाय बुडवला. आई दारात येऊन उभी राहिली.

"मोडला का पाय तिचा?"

"वाकला."

"मग अशी कुठं धरतेत व्हय? आण इकडं."

आईनं गल्लीतली किती लेकरं न्हाऊ घातलीत त्याचा हिशोब नाही. तिनं बाहुली डाव्या हातावर घेतली, उजव्या अंगठ्यानं घोटा दाबला, तोंडानं काहीतरी पुटपुटत पाय गार पाण्यात धरला आणि मला म्हणाली, "टाळूला पाणी नको लागू देऊ." मिकू सरळ झाली. आता ती किंचित मागं कलते. तेवढा आईच्या अंगठ्याचा जोर जास्त झाला, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरी बाब कापसाची. आमच्याकडं वेचणी झाली की कापूस लगेच विकायचा नाही, भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवायचा, असा रिवाज आहे. आमच्या घरात तो माझ्या खोलीत भरतात. छातीपर्यंत कापूस, वर माझी फळी, फळीवर तुमची माणसं. कापूस जुना झाला की त्यात किडे होतात, अंगाला खाज सुटते आणि तूस सगळीकडं उडतं. फळीवरच्या तलवारबाज रोरोनोआ झोरोच्या तीन तलवारींना ते असं गुंडाळतं की गडी चातीवर सूत काढायला बसलाय असं वाटतं. रंगाचा जुना ब्रश घेऊन मी दर रविवारी त्याला वेचतो. घरात वेचणी करणारा मी एकटाच, असं आई सगळ्यांना सांगते.

पण कापूस आणि मी तसे समदुःखी आहोत. माझ्याकडं एक बंद खोका आहे, तीन वर्षांत न उघडलेला, कारण सील शाबूत असलं की भाव चढतो. म्हणजे आमचे वडील, अण्णा, कापसाशी आणि मी खोक्याशी, एकाच खोलीत बसून भावाची वाट बघतो. मग तुम्ही एके दिवशी तीच बाहुली पुन्हा काढता आणि माझा भाव बसतो. अण्णांचा भाव बसवणारं खातं दिल्लीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उचललं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. खेळण्यांवरचं मात्र २०२० साली २० वरून ६० आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेलेलं. त्या महिन्यांत परदेशी कापसाला दार सताड उघडं, परदेशी बाहुलीला कडीकोयंडा! मी अण्णांना समजावून सांगितलं की, हे देशी बाहुली धंद्याच्या रक्षणासाठी आहे. अण्णांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पुढल्या साली बाहुल्याच पेरू."

अण्णा कुठलीही किंमत रुपयांत मोजत नाहीत, डीएपीच्या गोण्यांत मोजतात. गोणी १३५० ची. नवी बाहुली आली की जेवताना फक्त एवढंच विचारतात, "किती गोण्या?" मी 'तीन' म्हणालो की ते भाकरी मोडत म्हणतात, "एक एकर." पुढं बोलणं नाही. माझ्या फळीवर सध्या अकरा-बारा एकराचं खत उभं आहे आणि त्यातलं एकही उगवलेलं नाही, हे मला न बोलता समजतं.

आता पैशाच्या रीतीबद्दल. तुम्ही बाहुली आधी दाखवता ती करड्या रंगाची, बिनरंगाची. मग एक रंगवलेला नमुना दाखवून पैसे मागता. बाहुली येते वर्षानं, मध्ये दोनदा 'उत्पादनास विलंब होत आहे, क्षमस्व' असं नम्र पत्र. आमच्या जिल्ह्याला आगाऊ पैशाचा व्यवहार नवा नाही. इथं मुकादम ऊसतोड जोडप्याला पावसाळ्यात उचल देतो आणि दिवाळीच्या आगेमागे ते जोडपं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतं. उचल घेतली आणि गेलं नाही तर काय होतं, ते या अर्जात लिहिण्यासारखं नाही. इथं उलटं झालंय. बीड जिल्ह्यातला माणूस जपानला उचल देतोय आणि जपान दोनदोन हंगाम फडावर येत नाही. आमच्या एका मुकादमाला मी हे सांगितलं. त्यानं फार गंभीरपणे विचारलं, "पत्ता हाय का त्यांचा?" मी दिला नाही. माझे उपकार समजा.

शिवाय खोक्याच्या तळाशी 'मेड इन चायना' असतं. तिथल्या बाया हातानं रंग फवारतात, डोळे ठशानं उमटवतात, हे मला माहीत आहे आणि ते कौतुकाचंच आहे. पण अण्णांनी ते वाचलं, तेव्हापासून त्यांच्या मते मी शेजारच्या गावचं दूध पुण्याहून मागवतो.

खेळांविषयी एकच मुद्दा, कारण तो तुमच्या खात्याचा नाही. मात्र देश तुमचाच. 'एल्डन रिंग' नावाचा जो खेळ २०२२ साली तुमच्याकडून आला, त्यात मध्येच थांबवायचं बटण नाही. हा खेळ करणाऱ्यांच्या घरी आई नसते काय? मी राक्षसाच्या पुढ्यात उभा असतो, चाळीस वेळा मेलेलो असतो, एकेचाळिसाव्या वेळी त्याचा जीव बोटभर उरलेला असतो, आणि बाहेरून हाक येते, "लाइट आली रे, मोटर चालू करून ये." शेतीची वीज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मी रात्री दीडला बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. तुमच्या खेळात अंधारात झुडपाआडून काय निघेल याची धास्ती असते म्हणे. आमच्याकडं ऊस आहे आणि उसात बिबट्या. परत येईपर्यंत राक्षसानं मला निवांत मारलेलं असतं, आणि खरं सांगतो, त्याचं काही वाटत नाही.

लहानपणी हे बरं होतं. टीव्हीला जोडायचा खेळ, पिवळी कॅसेट, 'कॉन्ट्रा'त वर वर खाली खाली वगैरे दाबलं की तीस जीव मिळायचे. वीज गेली तर सगळ्यांचीच गेलेली असायची.

असो. मूळ अर्जाकडं येतो. महालक्ष्म्यांचा विषय नोंदवणं आवश्यक आहे. पुण्याकडं ज्यांना गौरी म्हणतात त्या मराठवाड्यात महालक्ष्म्या. दोघी उभ्या करायच्या, साड्या नेसवायच्या, आणि पुढं घरातली असतील नसतील ती सगळी खेळणी मांडायची. मातीचे बैल, लाकडी पोळपाट-लाटणं, प्लास्टिकचा वाघ, नातवाची जीप. यंदा आरास कमी पडली म्हणून आईनं मला न विचारता अख्खी फळी खाली आणली. बैलगाडीत झोरो बसवला. मिकूला उजवीकडच्या महालक्ष्मीच्या पायाशी, हळदी-कुंकवाच्या करंड्याजवळ उभं केलं. संध्याकाळी बाया आल्या. एका काकूंनी मिकूला निरखून पाहिलं आणि आईला विचारलं, "ही कोणती वो देवी?"

आई क्षणभर गप्प झाली. मी कपाटाआडून ऐकत होतो. मग ती म्हणाली, "ती गाणी म्हणती."

काकूंनी मान डोलावली आणि तिलाही कुंकू लावलं. ते कुंकू अजून कपाळावर आहे. निघत नाही आणि काढायचा प्रयत्नही मी केलेला नाही. जमवणाऱ्यांच्या हिशोबानं तिची किंमत त्या दिवशी निम्मी झाली.

तुमच्याकडं माझ्यासारख्याला 'ओताकु' म्हणतात. मूळ अर्थ 'आपलं घर', आदरानं म्हणायचा शब्द, आणि १९८३ साली एका लेखकानं तो आमच्यासारख्यांना टोमणा म्हणून चिकटवला. आमच्या भाषेनं एवढे कष्ट घेतले नाहीत. तिनं थेट 'घरकोंबडा' म्हणून टाकलं. घर दोन्हीकडं आहे, कोंबडा फक्त आमच्याकडं. आणि छंदाचा मान कसा ठरतो, हे मला अजून उमगलेलं नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या, त्याचं संग्रहालय झालं आणि शाळांच्या सहली तिथं जातात. माझ्याकडं गेल्या वर्षभरात एकच सहल आली, ती कापूस बघायला आलेल्या व्यापाऱ्याची. मिकूकडं बघून तो म्हणाला, "ओलावा दिसतोय." तो कापसाबद्दलच बोलत होता, असं मी धरून चालतो.

तरी माझी मुख्य मागणी अशी. तुमच्याकडं २००६ पासून ज्या दहा सेंटिमीटरच्या, मोठ्या डोक्याच्या बाहुल्या निघतात, त्या नेंडोरॉइडच्या नावातला 'नेन्दो' म्हणजे चिकणमाती, असं कळलं. मातीशी आमचा थोडाफार संबंध आहे. पोळ्याला आम्ही तिचेच बैल करतो. या बाहुलीचे चेहरे काढून बदलता येतात, ही सोय मला फार आवडते. तरी आमच्या अण्णांची एक नेंडोरॉइड काढावी. सोबत टोपी, खांद्यावरचा रुमाल, एक खुरपं आणि डीएपीची रिकामी गोणी (बसण्यासाठी) द्यावी. चेहरे तीन. पहिला रोजचा, तो करायला सोपा आहे, त्यात काही हलत नाही. दुसरा जिनिंगवर भाव ऐकतानाचा. तोही जवळजवळ पहिल्यासारखाच, फक्त डाव्या डोळ्याखाली जरा काम करावं लागेल. तिसरा मृगाचा पहिला पाऊस अंगणात पडतानाचा. त्याचं वर्णन मला नीट देता येणार नाही. त्या वेळी मी लॅपटॉपची वायर काढायला आत पळालेला असतो.

आणि तिला दोन्ही पायांवर उभं करावं, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक संग्राहक,
मु. पो. चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड.

सोबत जोडले : वाकलेल्या बाहुलीचा फोटो (समोरून व बाजूनं), आधारकार्डाची झेरॉक्स.

ता. क. : अर्ज पाकिटात घालायच्या आधी बाहुल्यांकडं एकदा पाहिलं, तर प्रत्येक फळीवर कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरलेला दिसला. आमच्याकडं ज्वारीच्या कणगीत किडे होऊ नयेत म्हणून असा घालतात. आईला विचारलं. ती म्हणाली, मी नाही घातला. अण्णांना विचारायची सोय नाही, ते शेतात गेलेत. तरी पीव्हीसीला कडुलिंब चालतो की नाही, एवढं उलट टपाली कळवावं.