गढूळ पाण्यात मासे कसे धरावेत : उपनगरवासीयांसाठी मार्गदर्शन

अमेरिका-कॅनडात वसंतात बर्फ वितळतो, वॉलाय नावाचा मासा अंडी घालायला निघतो आणि नेमकं तेव्हाच पाणी गढूळ होतं. तिथली गळ टाकणारी मंडळी थर्मामीटर बुडवून उसासे टाकत बसतात. आपल्याकडे वसंतात नुसता घाम येतो. आपला हंगाम मृगात सुरू होतो. पहिला दमदार पाऊस झाला की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात. इच्छुकांनी त्याआधीच छत्री, गळ आणि घरच्यांची परवानगी यांची जमवाजमव करावी. तिसरी गोष्ट सर्वांत उशिरा मिळते.

स्थळ कोणतं? बोरिवलीकरांना तुळशी आणि विहार जवळ वाटतात, पण तिथे गळ काढला की मासा नव्हे, वनरक्षक लागतो. घाटकोपर-मुलुंडकरांनी ठाणे खाडीकडे पाहावं, नुसतं पाहावं. 2022 पासून तो रामसर दर्जाचा पाणथळ प्रदेश आहे, आणि तिथल्या चिखलातले निवटे हातानं धरायची विद्या कोळी-आगऱ्यांच्या पोरांना लहानपणीच येते. आपला फक्त बूट आत जातो आणि तिथेच राहतो.

म्हणून पवई. इंग्रजांनी 1890 च्या सुमारास बांधलेला हा तलाव, क्षमता सुमारे 545 कोटी लिटर. भरला की पाणी मिठी नदीला जातं. त्याचं पाणी पिण्यायोग्य नाही, त्यामुळे माशांखेरीज कोणाची तक्रार नसते. काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. परवानगीचं आधी तिथे विचारावं. तलावात मगरीही आहेत. त्या सदस्य नाहीत, तरी अग्रक्रम त्यांचाच.

आता मुख्य अडचण, गढूळपणा. उत्साही नवशिक्याला पहिली आठवण येते ती आजीच्या माठातल्या तुरटीची. हिशेब करून पाहू. लिटरला 50 मिलिग्रॅम धरली तरी अख्ख्या पवईला सुमारे 272 टन तुरटी लागेल, म्हणजे दहा-टनी 28 ट्रक. हे ट्रक संध्याकाळी सहाला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर आणले, तर ते पोचेपर्यंत गाळ आपोआप खाली बसलेला असेल. वाळूचे कण काही मिनिटांत बसतात, चिकणमातीचे कण मात्र दिवसच्या दिवस तरंगतात. तेव्हा तुरटी दाढीपुरतीच ठेवावी.

त्यापेक्षा गढूळपणा मोजावा. 1865 मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन पाद्र्यानं पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी थाळी सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते टिपलं. आपण डब्याचं झाकण दोरीला बांधावं. हातभर खोलीपर्यंत दिसलं, तर डोळ्यांनी शिकार करणारा मासाही आमिष पाहू शकेल. वीतभरातच दिसेनासं झालं, तर आमिषाच्या रूपाचा मोह सोडावा. आणि झाकण घरचं असेल तर ते बुडालं हे सांगण्याची तयारीही ठेवावी. रंगही बघावा. कटिंग चहासारखं तांबूस पाणी डोंगरातून आलेलं, ते चालेल. काळं पाणी नाल्याचं. तिथे गळ न टाकता नाक धरून निघून यावं.

खरं तर गढूळ पाण्याला घाबरतो तो माणूस. मांगूरला मिशा असतात आणि अंगभर चव घेणाऱ्या कळ्या असतात. त्याला दिवसाउजेडाची गरजच नाही. इतर मासेही अंगाच्या दोन्ही बाजूंच्या संवेदनरेषेनं पाण्यातली हालचाल ओळखतात. शिवाय गढूळपणात शत्रूला दिसत नाही, म्हणून ते निर्धास्त होऊन काठाशी येतात. तेव्हा आमिष वासाचं हवं: गांडूळ, पेंड घातलेली कणीक. ते हळू, एका जागी ठेवावं. आणि कृपा करून काठावर उभं राहून सगळ्या ताकदीनिशी तलावाच्या मध्यावर गळ भिरकावू नये. मासा तुमच्या चपलेपासून दोन हातांवर असतो आणि हा सगळा प्रकार तो पाहत नसला तरी त्याला तो जाणवत असतो. बांधावर पाय आपटणं, फोनवर ‘हॅलो, रेंज नाहीये’ ओरडणं, हेही त्याच कारणानं टाळावं.

एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. चढणीचा मासा अंडी घालायलाच निघालेला असतो. गळाला पोट फुगलेली मादी लागली तर गाभोळीच्या कालवणाचा विचार बाजूला ठेवून तिला परत सोडा.

मग घरी काय न्यायचं? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी महाग. अशा वेळी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जावं, बोंबील, सोडे, जवळा घ्यावा. फक्त जवळा आपण स्वतः गळानं धरला असं सांगू नका. इमारतीत कोणी ना कोणी कोळीवाड्यातलं निघतंच.