लॉकरभाऊ

गाडी कधी निघणार, हे लॉकरभाऊंना विचारायचं नसतं. नवा भाडेकरू न कळून विचारतो. मग त्याची लिफ्ट तीन-चारदा वर जाऊन खाली येते, हातातल्या पिशवीतली कोथिंबीर मान टाकते, तरी भाऊ मागच्या ॲक्सलपाशीच असतात. उत्तर खरं तर पहिल्याच वाक्यात देऊन झालेलं असतं. "डिफलॉक ठरला की लगेच!"

बेंगळुरूच्या मोठ्या सोसायट्यांत असा एक गृहस्थ हमखास सापडतो. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी संगणकाची, गाव कोल्हापूर-सांगलीकडचं, आणि तळघरात मावत नाही म्हणून पाण्याच्या टँकरच्या जागेवर उभी केलेली पांढरी फोर्स ट्रॅव्हलर. आत पलंग आहे, ओटा आहे, टपावर सोलर पॅनल आहे, मिसळणाच्या डब्यासाठी खास कप्पा आहे. खाली चिखलाचे दांडगे टायर आहेत. राहिलाय फक्त डिफलॉक. टँकरवाला रोज सकाळी हॉर्न वाजवतो तेव्हा गाडी दहा फूट पुढे जाते आणि दहा फूट मागे येते. तिचा आजवरचा बहुतेक प्रवास हाच.

डिफलॉक म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांचं भाऊंना मनापासून वाईट वाटतं. मैसुरूच्या रस्त्यावर बिडदीला तट्टे इडली खायला नेऊन ते त्यांचा उद्धार करतात. ताटलीएवढ्या दोन इडल्या म्हणजे मागची चाकं, मधला वडा म्हणजे डिफरन्शियल. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारी दातेरी चक्रांची ही युक्ती ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच काढली. खोट एवढीच, की दोन्ही चाकांना जोर सारखाच मिळतो आणि तो किती मिळायचा हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. इथे भाऊ एका इडलीवर चटणी ओततात. चटणी म्हणजे चिखल. "आता ही नुसती गरगरणार. आणि ही बघा, कोरड्यावर ठणठणीत उभी! काही करणार नाही! ओपन डिफरन्शियल!" लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि कोरड्यावरच्याला काम करावंच लागतं. ऐकणारा मान डोलावत चाकं खाऊन टाकतो.

एवढ्यावर थांबते तर ते लॉकरभाऊ कसले? जगातली यच्चयावत दुखणी त्यांना याच एका बिघाडाची वाटतात. गणेशोत्सवात खजिनदार एकटा धावतोय आणि समिती मांडवात खुर्च्यांवर बसली आहे: ओपन डिफरन्शियल. ऑफिसात एकच पोरगी रात्री अकरापर्यंत कोड लिहिते आणि तिच्यावरचे तिघे त्याच कोडवर बैठका घेतात: ओपन डिफरन्शियल. सांगलीला पुतण्याच्या लग्नात मुलीकडची माणसं पंगतीत वाढून वाढून घामाघूम झालेली आणि मुलाकडची लोडाला टेकलेली पाहून त्यांनी भर मांडवात हेच निदान केलं. मुलीच्या मामांना शब्द कळला नाही, पण त्यांनी भाऊंना कडकडून मिठी मारली. उजवा गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टर म्हणाले, डाव्यावर भार टाका. "म्हणजे लॉकच म्हणा की!" वहिनींनी मात्र हे शास्त्र उलटवलं. "मी इथे गरगरतेय आणि तुम्ही कोरड्यावर उभे," असं एकदा त्या ओट्यापाशी म्हणाल्या. भाऊ निमूटपणे लसूण सोलायला बसले.

मग अडलंय कुठे? निवडीत. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा एअर लॉकर हवेच्या दाबावर चालतो. बटण दाबलं की लॉक, सोडलं की मोकळा. पण त्याला कंप्रेसर हवा, नळ्या हव्यात, आणि नळी गळली की पंचाईत. ईटनचा यांत्रिक लॉकर दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की आपोआप लागतो. 2020 मध्ये आलेल्या थारच्या वरच्या मॉडेलांत मागे असा लॉक दिला होता. "पण कधी लागायचं ते तोच ठरवणार, मग मी कशाला बसलोय?" टॉर्सन डिफरन्शियल पकड असलेल्या चाकाकडे कितीतरी पट जोर वळवतो, पण एक चाक पार हवेत गेलं की शून्याची कितीही पट शून्यच. शिवाय हाफ-शाफ्टचे दाते जुळायला हवेत, क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर जुळायला हवं. इतकी उंच, जड गाडी आडव्या उतारावर असताना मागचा लॉक लावला तर दोन्ही चाकं एकदम पकड सोडतात आणि मागचा भाग खाली घसरतो, ही धास्ती निराळीच. हे सगळं भाऊंना पाठ आहे. जास्त कळल्यामुळे हात न उचलणारी माणसं बेंगळुरूत पुष्कळ आहेत. भाऊ त्यांतले निदान गमतीदार.

त्यांची खरी ठसठस आकुर्डीची आहे. फिरोदियांची तिथली फोर्स मोटर्स गुरखा जीपला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफलॉक कारखान्यातूनच बसवून देते. ट्रॅव्हलरही त्यांचीच, पण भाऊंच्या नशिबी आलेली साधी. थोरल्याला दोन कडी आणि धाकट्याचे हात मोकळे, तसं हे. बिडदीहून परतताना तर ते खिडकीबाहेरही बघत नाहीत, कारण तिथल्या टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यातली हायलक्स मागचा डिफलॉक घेऊनच बाहेर पडते. "किर्लोस्कर आपले आणि लॉक लोकांना!"

वर कायदा आहेच. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार वाहनात चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. भाऊंनी तो निकाल छापून गाडीतच ठेवलाय. न निघायला त्याहून भारदस्त कारण मिळणार नव्हतं. जे. सी. रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सुचवलं, "मोदलु टायर गाळी कडिमे माडी, सार." आधी टायरमधली हवा कमी करा. चिखला-वाळूत निम्मं काम त्याने होतं, हे खरंच आहे. फुकटचा उपाय सांगितला म्हणून भाऊ आठवडाभर खट्टू होते.

सप्टेंबर 2022 मध्ये बेल्लंदूर, येमलूरकडे पाणी भरलं आणि संगणकवाले ट्रॅक्टरवर बसून कामाला निघाले, तेव्हा भाऊही एका ट्रॅक्टरवर चढले. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. चालकाच्या टाचेशी असलेलं पेडल त्यांना पाहायचं होतं. ते पेडल म्हणजे डिफलॉक. चिखलणी करताना शेतकरी ते रोज दाबतो. भाऊंनी विचारलं, कुठल्या प्रकारचा आहे? चालकाने टाच दाबून दाखवली आणि भाडं मागितलं.

हा छंद कुठून लागला, ते भाऊ सांगत नाहीत. वहिनींकडून कळतं. वडील एसटीत चालक होते, चंदगड डेपोला. वस्तीची गाडी घेऊन जाताना लहानग्या भाऊंना कधी कधी बॉनेटशेजारी बसवायचे. पावसाळ्यात गाव थोडक्यावर आलं की गाडी तांबड्या चिखलात रुतायची. प्रवासी उतरून ढकलायचे, वडील शिव्या घालत रेस करायचे, आणि कंदिलाच्या उजेडात पोरगं बघायचं: एक चाक चिखल उडवत गरगरतंय, दुसरं जागचं हलत नाही. असं का, हे त्याला कोणी सांगितलं नाही. वडील आता थकलेत. त्यांना त्या वस्तीच्या गावी एकदा न्यायचं, त्यांच्याच रस्त्याने, भर पावसात, कोणाला उतरायला न लावता, एवढ्यासाठी हा पलंग, ओटा आणि डब्याचा कप्पा. माणूस डोकं खातो, पण हे ऐकल्यावर त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

परवा जेवताना वडिलांनीच तोंड उघडलं. "अरे, तिथं डांबर आलंय कधीचं. परवाच फोन होता गावातून. रिक्षा जातीय घरापातूर."

भाऊंचा घास हातातच राहिला. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. मग भाऊ पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "साइडपट्टी कशी आहे, आबा? समोरून उसाची ट्रॉली आली तर गाडी खाली घालावी लागेल ना?"