आधी गरम केलीय!

गाडी घ्यायची नाही आणि टेस्ट राइड सोडायची नाही, असे एक काका तुमच्याही सोसायटीत असतीलच. आमच्याकडे तात्या आहेत. डिसेंबर लागला की कानटोपी, बनियनवर घडी घातलेला पेपर, त्यावर स्वेटर. आणि मागच्या सीटवर मी.

शोरूमचं शटर अर्धं वर जातं न जातं, तोच तात्या वाकून आत. थेट सायलेन्सरवर पंजा. "आधी गरम केलीय!" सेल्समन आईची शपथ घेतो. तात्यांचं शास्त्र असं, की थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरी मरगळते. गारठलेली गाडी पहिल्या स्टार्टला उठली तर खरी. दुपारी काय, कुणीही उठतं.

मग मोशीकडे. इंद्रायणीच्या पुलावर धुकं, अंगावर येणाऱ्या चाकणच्या कंपन्यांच्या बस, कंटेनरनी गाळलेल्या ऑइलवर दव. नेमका तिथेच तात्या करकचून ब्रेक मारणार! मागे माझी रामरक्षा, पुढून आवाज, "एबीएस चांगलंय." परत येऊन किल्ली ठेवतात, "विचार करून सांगतो." हा विचार गेली नऊ वर्षं चाललाय.

पंजाला आता धरबंद नाही. हॉटेलात कपाला हात लावून, "आधी गरम केलाय." भाचीला बघायला आलेला मुलगा घडाघडा उत्तरं द्यायला लागला, तर माझ्या कानात, "आधी गरम केलाय."

एकदा चिडून विचारलं, "घ्यायची नाही, तर फिरवता कशाला?"

"७८ साली चेतक बुक केली, तेव्हा बिनलग्नाचा होतो. नंबर लागला ८६ला, पोरगी बालवाडीत. कारखाना आकुर्डीत, मी निगडीत, आणि मध्ये आठ वर्षं! रंगसुद्धा कुणी विचारला नाही. फिरवून बघायचं तर सोडच. आली तशी घेतली."

पुढे मी काही बोललो नाही.

यंदा विजेवरची चेतक बघायला गेलो. तात्या वाकले, पंजा पुढे केला, आणि तो हवेतच राहिला.

"काका, याला सायलेन्सर नसतो."

तात्या जरा वेळ तसेच उभे. मग हँडल धरून त्यांनी स्कूटर अलगद एका अंगावर कलती केली. जुनीला किक मारण्याआधी करायचे तशी.

पोरगा धावला, "अहो, काय करताय?"

मी त्याचा दंड धरला. "थांब जरा. गरम करतायत."