आहारवर्धक गृहस्थ

वाशीम जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांत, विशेषतः सेवानिवृत्त शिक्षक, ग्रामसेवक आणि बँक कर्मचाऱ्यांच्या वसाहतींत, अलीकडे जो व्यक्तिप्रकार वारंवार आढळतो, त्यास ‘आहारवर्धक’ ही संज्ञा द्यावी लागते. कारण हा गृहस्थ जेवणातून काहीही वजा न करता त्यात केवळ भर घालीत जातो, आणि रक्तातील साखरेचा आकडा वाढलेला दिसला, की भरच कमी पडली असा निष्कर्ष काढतो.

त्याचे सध्याचे दैवत चिया होय. चिया म्हणजे मूळच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील, तुळशीच्याच कुळातल्या एका रोपाचे बारीक बी. ते आपल्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी शोषून घेते आणि त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. रात्रभर भिजलेल्या चियाचा स्टीलचा पेला पहाटे ओट्यावर वाट पाहत असतो. तो डोळे मिटून रिकामा केला जातो, थोडा ऐवज मिशीवर राहतो, आणि उरलेल्यातील काही दाणे कवळीखाली शिरून दुपारपर्यंत मुक्काम ठोकतात. हे बी ऑनलाइन मागवलेले असते, ही बाब येथे नोंदवणे आवश्यक आहे. कारण गहू-हरभऱ्याऐवजी चिया पेरणारे शेतकरी याच जिल्ह्यात आहेत, पिकाला पाणी बेताचे लागते, पानांच्या उग्र वासामुळे रोही व रानडुकरे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि वाशीमच्या बाजार समितीत त्याची खरेदी-विक्रीही होते. परंतु पोत्यातल्या चियावर आहारवर्धकाची श्रद्धा बसत नाही. पाकीट चकचकीत हवे आणि त्याच्या पाठीवर पोषणमूल्यांचा तक्ता हवा.

सोयाबीनची कथा याहून वेगळी नाही. ज्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात ते हे पीक वावरातून मळणीनंतर थेट बाजारात जाते, आणि घरात प्रथिनांसाठी डब्यातील भुकटी येते. ज्वारीचा शोध तर त्याला २०२३ मध्ये लागला, कारण त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे केले. वास्तविक त्याचे सारे बालपण ज्वारीच्या भाकरीवर आणि कण्या घातलेल्या अंबाडीच्या भाजीवर गेलेले असते, व नोकरी कायम होताच ताटात रोज पोळी आली, हीच त्याची पहिली बढती असते. आता ज्वारी परत आली आहे ती बिस्किटांच्या रूपाने, ज्यांच्या घटकांत पहिले नाव मैद्याचे असते. वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेले वाशीम भरडधान्यांच्याच बळावर उभे होते, असेही तो सांगतो; वाशीमला सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात गावाच्या दानाची नोंद आहे, राजाच्या न्याहारीची नाही, हा किरकोळ तपशील त्याच्या मार्गात येत नाही. दहाच्या सुमारास चौकातल्या टपरीवर तो रस्सा घातलेले दोन आलुबोंडे खातो. त्यांची गणना तो आहारात करीत नाही.

या व्यक्तिप्रकाराचा अभ्यास त्याच्या पत्नीवाचून अपुरा राहतो. तिच्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी कधी संपत नाही. जवस म्हणजे अळशी. चियाप्रमाणेच तिच्यात ओमेगा-३ वर्गातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल विपुल असते, मात्र अख्खे जवस बरेचसे न पचता तसेच बाहेर पडत असल्याने ते कुटावे लागते. हे आम्ल तिला ठाऊक नाही. जवस मंद आचेवर तडतडू द्यावे, लसूण, तिखट व मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटावे, एवढे ठाऊक आहे. भाकरीबरोबर तो ही चटणी चार बोटे चाटून खातो आणि वर चियाचे गुण सांगतो. त्यावर ‘सारा पैसा भिजू घालता तुमी’ एवढेच ती म्हणते.

पुढे साखरेचा आकडा किंचित उतरतो, त्याचे श्रेय सकाळच्या फिरण्याच्या मंडळात चियाला जाहीरपणे दिले जाते, आणि त्याच सभेत कोणीतरी शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीचे नाव काढते. चौथ्या दिवशी पार्सलवाला पोरगा अंगणातल्या शेवग्याच्या सावलीत गाडी लावून पावडरीचा डबा देतो, पैसे मोजून घेतो आणि वर पाहत विचारतो, ‘काकू, चार शेंगा तोडू का?’ काकू त्याला आकडी आणून देतात, आणि भाजीपुरता पालाही काढून घ्यायला सांगतात.