चावी मिळाली, नाव कुणाचं?

सोयाबीन निघायच्या तोंडावर रिसोड-मालेगावकडच्या पोराला पिकअप हवी असते. नवी झेपत नाही, म्हणून जुनी बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती शोधत तो अकोला, हिंगोली, नांदेड पालथं घालतो. सोबत गावचा मिस्त्री. चासीला जोड आहे का ते वाकून बघतात, थंड इंजिन एका सेल्फमध्ये उठतं का ते ऐकतात, ऑइलचं झाकण काढून धूर तपासतात. सगळं बरोबर. आणि आरसी? ती दलालाच्या मोबाइलमधल्या फोटोत. "कागदाचं काय हाय भाऊ, होऊन जाते ना!" या एका वाक्यावर लाखांचे व्यवहार होतात. हे थांबलं पाहिजे.

जमीन घेताना हाच माणूस सातबाऱ्यावरचा बोजा पुन्हा पुन्हा वाचून घेतो. बोजा गाडीवरही असतो; आरसीवर त्याला 'एचपी' म्हणतात. कर्ज फिटलं तरी फायनान्सवाल्याच्या सहीशिक्क्याचा फॉर्म 35 आरटीओत गेल्याशिवाय तो उतरत नाही. आणि कर्ज फिटलंच नसेल, तर वसुलीवाले गाडी ओढून नेतात. तुम्ही रोख मोजलेत, हे त्यांच्या वहीत कुठेच नसतं.

दुसरा फास टीटी फॉर्मचा, म्हणजे मालकी बदलाच्या कागदांचा. विकणारा 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या ठोकतो, स्टॅम्पपेपरवर नोटरी होते, चावी हातात पडते. पुढे गाडी तीन हात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचंच राहतं. कायद्यानं विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्वच्छ सांगितलं: अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. त्यामुळे विकणाऱ्या भावांनो, नाव उतरवण्याची घाई खरं तर तुम्हाला हवी.

दलालांचंही ऐका. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावं आणि ताब्यातल्या गाडीची जबाबदारी उचलावी, असा केंद्राचा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. यार्डात उभे राहून ते पत्र मागा. काय उत्तर मिळतं, त्यावरून माणूस कळेल. नियम कागदावर ठेवून आरटीओनं यार्डांकडे पाठ फिरवली, तर मरतो तो उसनवारी करून गाडी घेणारा.

भाव ठरवताना फिटनेसची तारीख बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी पासिंग लागतं. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क 2022 पासून बरंच चढलं आहे. म्हणजे 'स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याची गाडी पासिंगच्या दारात उभी असेल, तर तो खर्च त्याच्या किमतीतून कापा. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. नवी उतरली तर जुनीनंही उतरलं पाहिजे, हे तोंडावर बोलायला लाजू नका. लायसनचीही भीती कुणी घातली तर ऐकू नका. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं आहे.

1998 मध्ये आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला, आपल्याला एमएच-37 मिळालं. कागदासाठी अकोल्याचे खेटे संपले; नाव चढवायला आता सबब उरली नाही. तेव्हा सौदा ठरला की सगळे पैसे मोजू नका. वीस-पंचवीस हजार, आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत, तुमच्याच खिशात राहू द्या. विकणारा कुरकुरला तर सरळ पुढच्या यार्डात जा.